सायकलीनं इवायाच्या गावाले

…अन् वरून पोरगी म्हणते, "बाबा, घोटभर तं घ्या." आता तुम्हीच सांगा, घ्यायचंच म्हटलं असतं तं मी आख्खी विहीर घेतली असती, बाल्टीसकट. जीभ टाळूले अशी चिकटलेली, जसं पोस्टाचं तिकीट पाकिटाले. अन् तोंडानं काय म्हणून राह्यलो मी? "नको बेटा. शब्द म्हणजे शब्द." असं म्हणणाऱ्याले जोड्यानं हाणलं पाहिजे, अन् जोडा माझाच घ्या, घाटात तळवा निघून गेला त्याचा, लागणार नाई जास्त. काय करता… सपाटीचा माणूस, बाप्पा, त्याले चढाचं काय समजते!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाईतर म्हणसाल, बंडूजी नेहमीसारखा फेकून राह्यला. फेकतो मी. आमच्या पवनारात मी वेळ सांगितली तरी लोक दुसऱ्याले विचारून घेतात. पण हे खरं हाय, कारण यात फजिती माझी हाय, अन् सोताची फजिती बनवून सांगाले जेवढं शिक्षण लागते तेवढं माझं झालं नाई. चौथीतून निघालो तो थेट पानठेल्यावर.

तं झालं असं, माझ्या मयुरीचं लग्न झालं दोन हजार दोनमधे. दिली कुठं? तळेगावचा घाट चढून गेलं का सडकेले लागून गाव हाय, तिथं. आता आपल्यात कसं, नातवंडाचं तोंड पाह्यल्याबिगर बापानं पोरीच्या घरचं पाणी प्याचं नाई. लोक पाळतात आपले थोडंफार, चहा चालून जाते… चहातलं पाणी थोडंच दिसते? पण मले मांडवात चेव आला. समोर इवाई उभे, मयुरीचे सासरे, चंद्रभानजी, पांढरा फेटा, इतका गंभीर माणूस का सकाळी मी त्यांच्या पानात मुद्दाम चुना जास्त लावला तरी तो चावून गिळला अन् "बरं हाय" म्हणाले. म्हटलं, यांच्यापुढं कायतरी जबरी झालं पाहिजे. केला हात वर, म्हटलं, "इवाई, घरचं सोडा, तुमच्या गावच्या शिवेतलं पाणीसुदीक तोंडाले लावणार नाई मी." लोकायनं टाळ्या वाजवल्या. माझी बायको अनुसयाबाई कानाशी येऊन म्हणते, "एवढं कोनं मांगितलं होतं तुम्हाले?"

बरं, पुढं वर्षभर निभलं. एसटीनं जायचो, घरची बाटली न्यायचो, पोरीले पाहून उलट्या पावली परत. पण माझा भाचा हाय, प्रफुल, त्यानं घेतली गिअरची सायकल. डोक्यावर हेल्मेट, जसं अर्धं कापलेलं टरबूज, अन् चड्डी इतकी तंग का खिशात रुपया असला तं छापा का काटा ते बाहेरून वाचावं. पानठेल्यावर येऊन सगळ्यायले सांगून राह्यला, "घाट म्हणजे खरी सायकल. मामा, तुमच्या वयात नाई जमत ते."

माझ्या वयात! म्हटलं, "बाबू, घाट म्हणजे काय? उभा करून ठेवलेला रस्ता. मी येतो, अन् पोरीच्याच घरी जाऊन थांबतो." काढली माझी काळी सायकल, जिची घंटी सोडून सगळं वाजते. अनुसयाबाई दारात. "एसटी बंद पडली काय? काऊन जीवावर उठले?" म्हटलं, पोरीले पाहून येतो. "पाहून या," म्हणते, "पण तिनं ओळखावं इतके तं उरजा."

हँडलले छागल लटकवली, पाण्याची जाड कापडाची पिशवी असते ना, आता दिसत नाई कोणाजवळ, ते. काठोकाठ भरली. आर्वीपर्यंत मी राजा, सांगतो तुम्हाले! प्रफुल मागं, मी पुढं, वळून वळून विचारायचो, "काय बाबू, गिअर झोपले का?" आर्वीले त्याच्या मायच्या हातचं जेवलो, झोपलो, अन् दुसऱ्या दिवशी उन्हं तापता तापता लागला घाट.

पहिलं वळण बसून मारलं. दुसरं उभं राहून. तिसऱ्याले उतरलो, म्हटलं, सायकलीले आराम. प्रफुल म्हणते, "मामा, श्वास नाकानं घ्या." अरे, मी कानानंही घेऊन राह्यलो होतो! "मी पुढं होतो," म्हणे, अन् गेला तो गेलाच, टरबूज तेवढं वरच्या वळणावर चमकलं. सपाटीचा माणूस, बाप्पा… आमच्याकडं सगळ्यात मोठा चढ म्हणजे धाम नदीच्या पुलाचा.

आता शिकलेला माणूस थकला का बसते. माझ्यासारखा थकला का त्याले अक्कल सुचते. म्हटलं, सायकल जड काऊन लागते? पाण्यानं! अन् वर पाह्यलं तं झाडीतून लाल झेंडा फडफडून राह्यला. देऊळ! म्हणजे गाव आलं, पाणी वर मिळतेच… केली छागल उलटी. शेवटचा थेंबही झटकला, वजन नको म्हणून. वर पाणी मिळतेच. पण कोणाच्या गावचं, हा विचार मातीनं पाणी पिऊन घेतल्यावर आला.

अन् झेंडा? कायचा झेंडा, कायचं देऊळ. सळयांचा ट्रक होता बंद पडलेला, सळयांच्या टोकाले लाल फडकं बांधलेलं. ट्रकाच्या नाकातून वाफ निघून राह्यली अन् डायवर निळ्या कॅननं रेडिएटरात पाणी ओतून राह्यला. ते गुडगुड ऐकलं अन् मी सायकल तिथंच आडवी केली. म्हटलं, "भाऊ, दोन घोट." तो म्हणते, "चाचा, ये तो इंजन का है." म्हटलं, मलेही इंजिनच समज. पण शब्द आठवला ना! विचारलं, "पाणी कोणत्या गावचं हाय?" तो म्हणते, "पानी का कोई गाँव होता है क्या, चाचा?"

काय बोलला, देवमाणूस! मले पटलंच. इंजिनचं पोट भरून उरलं ते चार घोट मी प्यालो, डिझेलच्या वासासकट.

कसा तरी पोचलो. आंगणात खाटेवर पडलो. प्रफुल तिथं आंघोळ करून, भांग पाडून, पोहे खात बसलेला. मयुरी पाणी घेऊन आली, अन् इथं ते सुरू झालं, जे पहिले सांगितलं. शब्द म्हणजे शब्द. पोरीच्या डोळ्यात पाणी, मले तेही सोडावंसं वाटत नव्हतं. शेजारचे दोन म्हातारे जमले. एक म्हणते, "इतक्या उन्हात! माणूस असावा तं असा." मी डोळे मिटले, मान जराशी हलवली, संतासारखी. चंद्रभानजी लोटा घेऊन उभे.

तेवढ्यात दारात ट्रक थांबला.

डायवर उतरला, हातात निळी कॅन. "सेठजी, ये आपकी कॅन। सुबह घाट से पैदल आकर आपके कुएँ से भरी थी, बड़ी काम आई।" अन् मग माझ्यावर नजर गेली त्याची. "अरे चाचा, पहुँच गए? सेठजी, आधी गाड़ी ने पी, बची हुई इन्होंने।"

म्हाताऱ्यायनं मले पाह्यलं, मी छपराकडं पाह्यलं. अन् चंद्रभानजी, जे पोरीच्या लग्नात चुना गिळून हसले नाईत, ते खाटेजवळ आले, लोटा माझ्या हातात देला, अन् तोंडाची रेघ न हलवता म्हणाले, "घ्या इवाई. इंजिन गार करून घ्या, मंग झाकण लावू."

प्यालो. आख्खा लोटा, मंग दुसरा.

आता नातही झाली, सुरभी, बोलाले लागली. तिच्या घरी गेलो का सगळ्यायले लोट्यात पाणी येते, मले निळी कॅन. अन् ते चिमुरडी बोटानं माझं पोट दाबून विचारते, "आबाजी, इंजिन तापलं?" तापलं म्हणतो, अन् लावतो तोंडाले… काय करता. सपाटीचा माणूस, बाप्पा, चढावर काय बोलणार?