सरळ झालेले पाय सरळ राहावेत म्हणून

मंडळी, नमस्कार. पेणची, रोह्याची, कासूची, खाडीकाठची इतकी माणसं एका हॉलात मी लग्नाशिवाय कधी पाहिली नव्हती. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. लहान पोरं रडली तर रडू द्या, त्यांना बाहेर नेऊ नका.

मला भाषण येत नाय. डॉक्टर म्हणाले, "सुनंदाताई, तुम्हीच बोला." मी दोनदा नाय म्हटलं. मग वाटलं, नारायणदादा इथं असते तर काय म्हणाले असते? म्हणाले असते, "बोल गो, तोंड हाय ना तुला?" म्हणून उभी राहिले. अडखळले तर सांभाळून घ्या.

दादा माझ्या नात्याचे नव्हते. माझ्या गावचेही नव्हते. आमचं गाव कासूच्या पलीकडं, खाडीला लागून. घरची माणसं मिठागरात कामाला. दादा पेणचे, रामवाडीत राहायचे. गणपतीच्या कारखान्यात साच्यात प्लास्टर ओतायचं त्यांचं काम. गेल्या मंगळवारी हृदयाचा झटका आला आणि ते गेले. आज इथं ज्या आया बसल्यात त्यांना दादा प्लास्टरवाले म्हणूनच ठाऊक आहेत. पण गणपतीच्या प्लास्टरवाले नव्हे. पोरांच्या पायांच्या प्लास्टरवाले.

हे कसं झालं ते त्यांनीच मला सांगितलं होतं. कारखान्यात शिडीवरून पडले आणि मनगट मोडलं. दवाखान्यात आपल्या डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं. दादा ते घालताना बघत होते. बघता बघता म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका. पाणी जास्त झालंय तुमचं."

डॉक्टर हसले. दादा हसले नाहीत. प्लास्टरची चेष्टा त्यांना चालत नसे.

महिन्याभरानं ते हात सोडवायला गेले, तेव्हा टेबलावर दहा-बारा दिवसांचं एक बाळ होतं. दोन्ही पावलं आत वळलेली. काही पोरं जन्मतात तशी. डॉक्टर ते पाऊल हळूहळू बाहेर वळवून धरत होते आणि प्लास्टर गुंडाळायला हाताशी माणूस नव्हता. डॉक्टर म्हणाले, "हे दर आठवड्याला बदलायचं. दर वेळी पाऊल थोडं बाहेर येतं. सहा-सात वेळा केलं की सरळ." दादांनी विचारलं, "औषध न देता?" डॉक्टर म्हणाले, "टाचेमागं एक छोटा छेद द्यावा लागतो बहुतेकांना. बाकी सगळं काम हाताचं."

सगळं काम हाताचं. हे ऐकलं आणि दादांनी तिथंच बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून दर गुरुवारी कारखान्यात त्यांचा खाडा. इतक्या पातळ, इतक्या सारख्या पट्ट्या गुंडाळायचे की बाळ झोपेतून उठत नसे.

पण मंडळी, तेवढंच असतं तर आज मी इथं उभी नसते. गुरुवारी मदत करणारा भला माणूस, एवढंच म्हटलं असतं आपण.

चारेक वर्षांनी रोह्याची एक बाई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा पावलांच्या कडांवर चालत होता. दादांनी त्याला ओळखलं. त्याच्या पायांना त्यांनीच प्लास्टर घातलं होतं, पाय सरळ करून त्याला घरी पाठवलं होतं. दादांनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या हातून काय चुकलं?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हातून काही नाही. प्लास्टर निघाल्यावर दांडीचे बूट घालायचे असतात. दोन बूट, मधे एक दांडी. आधी दिवसरात्र, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. यांनी ते काढून ठेवले. पाय परत वळले."

दादांनी त्या बाईला विचारलं, "का काढलेत?" ती म्हणाली, "पोरगा रडायचा. शेजारचे म्हणायचे, पाय तर सरळ झाले, आता कशाला छळता? आणि मला विचारायला कोण आलं नाय, दादा. एकदाही नाय."

एकदाही नाय.

दादा मला म्हणाले होते, "सुनंदा, त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाय. साचा कितीही चांगला असू दे, माल सुकायच्या आत हलवला तर काय उपयोग? आम्ही सात आठवडे काम करत होतो आणि चार वर्षं झोपा काढत होतो."

दुसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या मालकानं त्यांना बोलावलं. मुख्य कारागीर करतो म्हणाला, सगळं ओतकाम तुमच्या हाताखाली. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. दादा म्हणाले, "मला अर्धा दिवसच काम द्या." मालकाला वाटलं, डोकं फिरलं. घरी वहिनींनाही तेच वाटलं. वहिनी, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून सांगते. दादा म्हणायचे, "चार दिवस ती माझ्याशी बोलली नाय. पाचव्या दिवशी डबा भरून दिला. म्हणाली, जायचंच हाय तर उपाशी जाऊ नका."

मग दुपारची गाडी पकडायची आणि घरोघर फिरायचं. पेणपासून रोह्यापर्यंत, मधल्या प्रत्येक स्टेशनला उतरून. एकच प्रश्न, "बूट घातले काय?"

असे ते माझ्या दारात आले.

माझी प्रणाली तशीच जन्मली. सासूबाईंनी सांगितलं, ग्रहणात तू विळीवर बसलीस, म्हणून. मी तेच खरं धरलं. प्लास्टरं झाली, पाय सरळ झाले. माझ्या डोळ्यांना ते पाय देवाच्या पायांसारखे दिसले. आणि मग ते दांडीचे बूट. पोरगी किंचाळायची. सासूबाई म्हणायच्या, बेड्या घातल्यात लेकीला. आठव्या दिवशी मी बूट काढले आणि तांदळाच्या पिंपात लपवले.

दादा आले. विचारलं, "बूट घातले काय?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी पोरीचे पाय हातात घेतले. बुटाचा वळ नव्हता. पुढच्या आठवड्यात परत आले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा मी भडकले. म्हटलं, "तुमचं काय जातं हो? तुमचं पोर हाय काय हे?"

दादा ओटीवर बसले. शांतपणे म्हणाले, "नाय. म्हणूनच मी येतो. माझं असतं ना, तर तिच्या रडण्याला मीपण भुललो असतो."

मी रडायला लागले. मग ते सासूबाईंकडं वळले. म्हणाले, "आजी, तुम्ही मिठागरात जन्म काढलात. बांध नवा घातला की तसाच सोडता काय?"

सासूबाई म्हणाल्या, "असा कसा सोडीन? ओला बांध पहिल्या उधाणाला जाईल."

"मग पायाचंपण तेच हाय. आणि आणखी एक. विळीचा, ग्रहणाचा काही संबंध नाय. डॉक्टरांना विचारा. तुमच्या सुनेनं काही केलेलं नाय."

मंडळी, पोरीचे पाय नंतर. आधी त्या एका वाक्यानं मी सरळ उभी राहिले. पिंपात हात घातला, बूट बाहेर काढले. सासूबाईंनीच पहिला बूट घातला.

प्रणाली आज रोह्याला कंपनीत कामाला आहे. आठ तास उभ्यानं शिफ्ट करते. आता शिफ्टलाच आहे, म्हणून इथं नाय.

रोह्याच्या त्या मुलावर मोठं ऑपरेशन करावं लागलं. चालतो, थोडा लंगडतो. कोणी दादांचं कौतुक केलं की दादा त्याचंच नाव काढायचे. स्वतःला त्यातून सुटू दिलं नाय त्यांनी. मी म्हणायचे, "दादा, सोडा आता." ते म्हणायचे, "सोडलं म्हणून तर झालं ते."

प्रणाली चालायला लागली तेव्हा मी दादांना विचारलं, मी काय करू तुमच्यासाठी? ते म्हणाले, "माझ्यासाठी काही नको. शेजारच्या गावात एक घर हाय. बाई माझं ऐकत नाय, पुरुषमाणूस म्हणून. तू जा." मी गेले. तेव्हापासून जातेच आहे. मिठागरातली बाई मी, सातवी शिकलेली. मला कुणी काम विचारलं की आता मी आधी हे सांगते.

गेल्या महिन्यापासून दादांना जिना चढवेना. शेवटी रोह्याला एका घरी मला एकटीला पाठवलं. बाईनं तोंडावर दार लावलं. मी परत येऊन सांगितलं, "दादा, नाय उघडत." दादा म्हणाले, "मग परवा जा."

सांगितल्या दिवशी गेले. बाईनं दार उघडलं. बूट काही घातले नाहीत. मी स्टेशनवरून फोन केला. दादांनी विचारलं, "घातले?" मी म्हटलं, "नाय. पण प्यायला पाणी दिलं."

दादा म्हणाले, "पाणी दिलं? मग आज ना उद्या घालेल. जात राहा."

ते आमचं शेवटचं बोलणं. सोमवारचं. मंगळवारी दादा नव्हते.

आता कोणी म्हणेल, दादा गेले, हे काम संपलं. कसं संपेल? या गुरुवारी दवाखान्यात पाच बाळं येणार आहेत. डॉक्टर इथं आहेत, त्यांना विचारा. प्लास्टर गुंडाळायला कारखान्यातले दोन कारागीर स्वतःहून उभे राहिलेत. पण घरोघरी कोण जाणार? मी एकटी पुरणार नाय. आणि मला एकटीनं करायचंही नाय. ज्यांची पोरं चालती झाली त्या आयांनी एकेक घर घ्यायचं. शिक्षण लागत नाय. गोड बोलणंही लागत नाय. परत परत जायला लागतं, एवढंच.

आता आपण उभे राहूया. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहा, दादांना त्याचं काही वाटणार नाय. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

दादा, तुम्हाला आम्हा सगळ्या आयांचा नमस्कार.

आणि दोन मिनिटं झाल्यावर, ज्यांना घर घ्यायचंय त्यांनी निघू नका. मी इथंच, या टेबलाशी थांबते.