मामाचा माईक आणि न दिसलेला ग्रह

असेल, नसेलही. हे काय उत्तर झालं का, तुम्हीच सांगा. मामानं मला विचारलं, "लांबवाली वायर टेम्पोत टाकलीस का?" आणि मी म्हणालो, "असेल, नसेलही," तर त्याच टेम्पोत घालून मला घरी पोचवेल तो. आणि इथे एवढ्या शिकलेल्या मॅडम, सगळं आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या, त्या भरल्या सभागृहात शांतपणे सांगतात, आपल्या सूर्याभोवती अजून एक मोठाच्या मोठा ग्रह लपून फिरतोय का, तर असेल, नसेलही. आणि लोक टाळ्या वाजवतात.

तुम्हाला सांगतो, मी भाषणं ऐकत नाही. मामाचा माईक-स्पीकरचा धंदा, मी शाळा सोडली तेव्हापासून त्याच्याकडे कामाला. आवाज ऐकायचा, शब्द ऐकायचे नाहीत, हे मामानंच शिकवलंय... शिट्टी वाजतेय का, खरखर येतेय का, एवढं बघायचं, बाकी वक्त्याचं वक्त्याजवळ. दुसरा नियम याहून कडक. माईकवाल्यानं माईकमध्ये बोलायचं नाही. "हॅलो, चेक, हॅलो" एवढंच, तेही खुर्च्या रिकाम्या असताना. "आपण विजेसारखं असायचं," मामा म्हणतो, "वीज कधी बोलते का?" माझ्याआधीचा गडी एकदा बोलला, आणि तेही काय, तर कुणाची तरी गाडी दारात आडवी लागलीय, ती काढा. दुसऱ्या दिवसापासून गडी नाही. मी सख्खा भाचा असलो म्हणून काय झालं, मलाही तेच, आणि वर घरी आई म्हणणार, "माझ्या भावाकडेसुद्धा टिकला नाहीस, आता तुला ठेवणार कोण?" तिचं तरी काय चुकलं? मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही. त्यापायीच शाळा सुटली, आणि म्हणूनच मामा मला मुका म्हणतो. मुक्याला माईकचं काम, म्हणजे मामाच्या हिशेबानं सोन्यासारखा माणूस.

पण मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं आणि माझे कान शब्दांकडे गेले ते गेलेच. त्या म्हणाल्या, नेपच्यूनच्या पलीकडे, पार लांब, बर्फाचे बारके बारके गोळे फिरतात, आणि त्यांतल्या काहींच्या वाटा एकाच बाजूला कललेल्या दिसतात. आता वाऱ्यानं कलल्या म्हणावं, तर तिथे वारा नाही. मग ओढतंय कोण? कुणीतरी जड. आपल्या पृथ्वीच्या कितीतरी पट जड, आणि इतकं लांब की सूर्याला एक फेरी घालायला त्याला हजारो वर्षं लागत असतील... म्हणजे बघा, त्यानं ही फेरी सुरू केली तेव्हा माणसाला कदाचित पेरणीसुद्धा येत नव्हती, मग माणूस पेरायला शिकला, घरं बांधली, माईक काढला, आणि तो अजून तीच फेरी घालतोय, अंधारात, एकटा, कुणाला न सांगता. अंगावर काटा आला हो. वायर गुंडाळत होतो, ती तशीच हातात राहिली.

पुढच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "एवढा मोठा आहे, तर दिसत का नाही?"

"उजेड फार थोडा पोचतो तिथे," मॅडम म्हणाल्या. "आणि काही जणांचं म्हणणं, आपण आकाशाच्या ठरावीक भागातच जास्त शोधलं, म्हणून वाटा कलल्यासारख्या वाटतात. असंच गणित मांडून नेपच्यून सापडला. असंच गणित मांडून सूर्याजवळही एक ग्रह शोधत होते, तो निघालाच नाही. तेव्हा हा असेल, नसेलही."

घ्या.

मग प्रश्नांची वेळ झाली. काकांनी माईक धरला तो सोडेनात. "माझा प्रश्न नाही, मी फक्त माझं एक मत मांडतो..." आणि मत काही संपेना, मॅडम पाणी प्यायल्या, तरी मत चालूच. मी स्टेजच्या बाजूला काळ्या पडद्यामागे, बटणांच्या टेबलापाशी, आणि टेबलावर दुसरा माईक. माझ्या पोटात एक प्रश्न मघापासून उड्या मारत होता. म्हटलं, मुक्या, गप बस. म्हटलं, आई काय म्हणेल. म्हटलं, त्या गड्याचं काय झालं आठव... आणि हे म्हणता म्हणता बटण माझ्या अंगठ्याखाली दाबलं गेलेलं होतं, काकांचा आवाज मीच बारीक केलेला होता, आणि सभागृहभर कुणीतरी बोलत होतं.

"त्या ग्रहावरून... आपण दिसतो का?"

तुम्हाला सांगतो, अर्ध्या माना डाव्या स्पीकरकडे वळल्या आणि अर्ध्या उजव्या. आवाज तिथून आला ना! मामा मागच्या दारातून धावत आला आणि काकांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. माझ्या काळ्या पडद्याकडे कुणी बघेना.

मॅडम हसल्या. "आवाज येतोय, पण माणूस दिसत नाही," म्हणाल्या, "मघापासून मी दुसरं काय समजावतेय?" सगळे हसले. मग अगदी हळू, पण तुम्हाला म्हणून सांगतो, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं, त्या म्हणाल्या, "नाही. तिथून सूर्य म्हणजे एक ठळक तारा. आपण त्याच्या उजेडात बुडून जाणार. तिथे कुणी असतं, तर त्यांच्याकडेही एखादीनं उभं राहून सांगितलं असतं, त्या ताऱ्याजवळ पृथ्वी नावाचं काहीतरी असेल, नसेलही."

मी पडद्यामागे स्वतःचे हात बघत उभा. म्हटलं, इथे आहोत ना आपण? एवढी माणसं, एवढ्या खुर्च्या, काकांचं ते मत... आणि तिथून काही म्हणता काही दिसत नाही.

सभागृह रिकामं झालं. मामा समोर येऊन उभा राहिला. "मुक्या, खरं सांग. मघाशी माईकवर तू होतास?"

खोटं मला जमत नाही, आणि खरं बोललो तर नोकरी जाते.

"असेन," म्हटलं. "नसेनही."

मामानं खाली वाकून स्वतःच वायर गुंडाळायला घेतली. टेम्पोत बसल्यावर समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "कोण होता कोण जाणे. आवाज मात्र स्वच्छ आला."

तेव्हापासून तो मला मुका म्हणत नाही. "ए ग्रहा," म्हणतो, "दोन स्पीकर आत राहिलेत." आणि मी सभागृह ते टेम्पो, टेम्पो ते सभागृह, फेऱ्या घालतो.