गोड्या पाण्यात पाच मिनिटं

वहिनी — साबण नाही ना लावलास?

बारक्या — आता हात धू म्हणालीस तर साबण लावणारच ना गं! दिवसभर लिफ्टच्या ग्रीसमध्ये हात असतात माझे.

वहिनी — मग परत जा. नुसत्या पाण्यानं खळखळून धू, पार कोपरापर्यंत. साबणाचा बुळबुळीतपणा राहिला तर माशाची कातडी जळेल. आणि ती अंगठी काढून ठेव.

(मागची खोली, भर दुपार. टेबलावर काचेची उघडीबोडकी लहान टाकी, शेजारी झाकलेला डबा, जमिनीवर बादली. उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतली मोठी टाकी दिसते. तिच्यात दिवा लागलेला आहे.)

बारक्या — घे, धुतले. वास घेऊन बघ हवा तर. वहिनी, बाहेरच्या टाकीचा दिवा चालूच राहिलाय. घालवू?

वहिनी — राहू दे. त्याला ह्यांनी घड्याळ लावून ठेवलंय. सकाळी दहाला लागतो, आठला आपोआप जातो.

बारक्या — पण आत मासा कुठाय? एकही नाही.

वहिनी — मासा नसला म्हणून काय झालं? कोळंबी आहे, गोगलगाई आहेत, खडकावरची ती फुलं आहेत. त्यांना उजेड नको?

बारक्या — नाही, म्हणजे... पंप घुमतोय, पाणी हलतंय, दिवा चालू. मघाशी आत येताना वाटलं, दादा खाली वाकलेला असेल काचेपाशी. आता मान न वळवताच म्हणेल, दार हळू लाव, घाबरतात ते.

वहिनी — मला रोज वाटतं. म्हणून मी दार हळूच लावते.

बारक्या — तू राहतेस कशी गं इथे एकटी?

वहिनी — राहते. ये, इकडे बस. डब्यात डोकावून बघ. झाकण पूर्ण उघडू नको, उडी मारेल.

बारक्या — पिवळाधमक आहे! कधी आणलास?

वहिनी — सकाळी. आता नीट ऐक, परत परत सांगणार नाही. बादलीत गोडं पाणी आहे. टाकीइतकंच कोमट केलंय, सोडा घालून मोजून घेतलंय. ह्याला त्यात पाच मिनिटं ठेवायचं. अंगावर, कल्ल्यांत बारीक कृमी असतात, त्या खाऱ्या पाण्याच्या. गोड्यात फुगतात आणि गळून पडतात.

बारक्या — आणि मासा? तोही खाऱ्याचाच ना?

वहिनी — मासा पाच मिनिटं तग धरतो. फार घाबरला तर आधी काढायचा. मग ह्या लहान टाकीत. तिथे तांब्याचं औषध, थेंब मोजून. चार दिवस चढवत न्यायचं, मग तीस दिवस तेवढंच राखायचं. कमी पडलं तर कीड वाचते, जास्त झालं तर मासा जातो.

बारक्या — कसली कीड? कृमी तर बादलीत पडणार ना?

वहिनी — ती वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांची. ती कातडीच्या आत असते, गोड्या पाण्याला दाद देत नाही.

बारक्या — ...बरं.

वहिनी — ती माशावर जगते. पोट भरलं की गळून पडते, खडकाला चिकटून बसते. मग फुटते आणि शेकडो पिल्लं पाण्यात निघतात, नवा मासा शोधायला. मासा मिळालाच नाही की मरतात. सगळी संपायला शहात्तर दिवस धरायचे. आज पंचेचाळिसावा आहे.

बारक्या — म्हणजे बाहेरच्या त्या पाण्यात अजून आहेत?

वहिनी — असतील. दिसत नाहीत. शोधत असतील.

बारक्या — नको ना असं बोलूस.

वहिनी — जे आहे ते सांगते. म्हणून तिकडची जाळी, तिकडचा टॉवेल, काहीही इकडे आणायचं नाही. हा इथे महिनाभर काढेल, तोवर तिकडचे शहात्तर भरतील. चल, हात घाल डब्यात. जाळी नको. शेपटीपाशी ह्याला दोन्ही बाजूंनी काटा असतो, जाळीत अडकला की फाटतो. ओंजळीनं धर.

बारक्या — मला चिरेल तो काटा!

वहिनी — चिरू दे. मलम आहे घरात. औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभी राहिले, तुझ्या बोटापुरतं तरी जमेल मला.

बारक्या — थांब... थांब हं... ये बाळा... आला! आला बघ ओंजळीत.

वहिनी — सोड बादलीत. हात काढू नको. भोवती धरून ठेव, काठावर आपटायला नको. घड्याळ लावलं.

बारक्या — अगं, हा आडवा पडला! वहिनी, मेला हा!

वहिनी — नाही मेला. घाबरलाय. कल्ले हलतायत बघ. पहिलं मिनिट असंच जातं.

बारक्या — माझ्या हाताला त्याचं थरथरणं लागतंय गं.

वहिनी — लागू दे. आता पाच मिनिटं तुला इथून उठता येणार नाही. म्हणून आत्ताच विचारते. निळा मासा तू आणला होतास ना?

बारक्या — ...कुठला निळा?

वहिनी — बारक्या.

बारक्या — टाकीच्या पाण्याचंच काहीतरी बिघडलं, असं मी तुला तेव्हा...

वहिनी — ते तू तेव्हा सांगितलंस. मी आत्ता विचारतेय. एक मिनिट झालं.

बारक्या — मी आणला. दादा घरी येईल, दारातूनच त्याला दिसेल, म्हणेल हा कुठून आला रे, आणि हसेल. एवढंच होतं डोक्यात. दुकानदारानं बजावलं होतं मला, महिनाभर वेगळा ठेवा म्हणून. पण तो त्याच्या टाकीत इतका मजेत पोहत होता! मी म्हटलं, धडधाकट तर आहे. सोडला थेट.

वहिनी — मग?

बारक्या — चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. मला वाटलं, वाळू असेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावर. मग रोज एक, रोज एक. तो म्हातारा नारिंगी सगळ्यात शेवटी गेला. दादा काचेवर बोट टेकवायचा ना, तसं मी टेकवलं. आला गं तो. वाकडातिकडा होत, बोटापर्यंत आला. डोळ्यावर पांढरं धरलं होतं, दिसतही नसावं त्याला. आला आणि...

वहिनी — चौदा वर्षांचा होता. दोन मिनिटं.

बारक्या — दादा रोज विचारायचा. हॉस्पिटलात गेलो की पहिला प्रश्न, मंडळी कशी आहेत? मी म्हणायचो, एकदम ठणठणीत. तोंडातून निघूनच जायचं. एकदा निघालं की मागे कसं घेणार?

वहिनी — आणि व्हिडिओ मागितला तेव्हा?

बारक्या — जुना पाठवला. माझ्या फोनमध्ये पडलेला होता एक. त्याला कुठे कळणार होतं? मासे तेच, टाकी तीच.

वहिनी — तो ह्यांनीच काढलेला होता, बारक्या. मागच्या वर्षी. त्यात शेवटी ह्यांचं गुणगुणणं आहे.

बारक्या — ...नाही.

वहिनी — आहे. फोन मी धरला होता ह्यांच्यासमोर. बघता बघता म्हणाले, हे गुणगुणतंय कोण? मी म्हटलं, तुम्हीच. थोड्या वेळानं म्हणाले, परत लाव. चार वेळा लावायला लावला.

बारक्या — वहिनी, हात काढू दे मला.

वहिनी — काढू नको. मासा आपटेल. तीन मिनिटं.

बारक्या — तू मला फोन का नाही केलास त्याच दिवशी?

वहिनी — काय सांगायला? मी आदल्या दिवशी अंघोळीला घरी आले होते. टाकी बघितली होती. तरीही तो व्हिडिओ माझ्या हातानं लावला. खोटेपणात मीही होतेच की.

बारक्या — रागावला का तो?

वहिनी — हो.

बारक्या — काय म्हणाला?

वहिनी — काही नाही. तेच तर. दोन दिवस तू यायचास तेव्हा डोळे मिटून पडून राहायचे. तू गेलास की उघडायचे.

बारक्या — झोपलेला असायचा तो! मी तासतासभर हात धरून बसायचो. सगळं सांगायचो त्याला... कोळंबीनं कात टाकली, नारिंगी कसा मस्ती करतो...

वहिनी — ऐकत असायचे.

बारक्या — अगं मी काय काय बोललो असेन! आणि तिसऱ्या दिवशी?

वहिनी — तिसऱ्या दिवशी बोलण्याइतकी शक्तीच उरली नाही त्यांच्यात.

बारक्या — म्हणजे मनात तसंच ठेवून गेला तो. खरं सांग.

वहिनी — खरं सांगायचं तर मला माहीत नाही. माफ केलं असं म्हणाले असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तुला. उगाच गोड बोलून तुझी बोळवण नाही करणार मी. पण त्याच दोन दिवसांत, त्या रागातच, मला कागद घे म्हणाले. टाकी मोडू नकोस, रिकामी चालू ठेव. शहात्तर दिवस. मग हे गोडं पाणी, ते तांबं, किती थेंब, कुठल्या दिवशी, सगळं. मी म्हटलं, अहो, मी ह्या टाकीला वीस वर्षांत बोट लावलं नाही, मला वास सहन होत नाही. म्हणाले, लिही. आणि शेवटी म्हणाले, मासा धरायला बारक्याला बोलाव. तुझा हात जड आहे.

बारक्या — असं म्हणाला?

वहिनी — माझा हात जड! बावीस वर्षं डोळ्यात तेल घालून गोळ्या मोजतेय, आणि हात म्हणे जड. चार मिनिटं.

बारक्या — बारक्याला बोलाव म्हणाला.

वहिनी — कागद आहे. दाखवते मागाहून. आता इकडे लक्ष दे, सरळ होतोय तो.

बारक्या — हो... उभा राहिला. अगं, खाली काय पडलंय हे? पांढरं, तिळाच्या सालीसारखं. पाच, सहा...

वहिनी — त्याच कृमी. दिसतायत ना? दुकानात हाही मजेतच पोहत होता.

बारक्या — बोल. बोल अजून. माझी बोलणी खायची तयारी आहे.

वहिनी — बोलून झालं माझं. पाच मिनिटं. उचल. हळू... तसाच टाकीपर्यंत. पाणी सांडलं तरी चालेल.

बारक्या — सोडू?

वहिनी — हात पाण्याखाली ने आणि नुसता उघड. त्याचं त्याला जाऊ दे.

बारक्या — गेला. त्या नळीच्या तुकड्यात शिरला.

वहिनी — शिरू दे. लपायलाच ठेवलाय तो. चिरलं का तुला?

बारक्या — थोडंसं. राहू दे, झोंबतंय ते बरं वाटतंय.

वहिनी — शहाणपणा पुरे. आण बोट इकडे. ...आता पहिला तास जपायचा. इथे बस, समोर. कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजायचं. शंभराच्या वर जायला लागले की मला सांगायचं.

बारक्या — दिसतायत. एक, दोन, तीन... वहिनी, दादाचेही तू असे मोजायचीस ना? श्वास?

वहिनी — हो. नर्सनं सांगितलं होतं, शेवटी शेवटी लक्ष ठेवा.

बारक्या — किती होते शेवटी?

वहिनी — मला नाही माहीत.

बारक्या — म्हणजे?

वहिनी — बारापर्यंत मोजले मी, बारक्या. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. पहाटेपासून जागीच होते रे, पाठ टेकली नव्हती. उठले तेव्हा खोलीत आवाजच नव्हता. हे कुणालाच नाही सांगितलं मी. घरात बसले की अजून मोजते. बारा आले की दचकते. तू मोज. थांबू नकोस.

बारक्या — मोजतोय. वहिनी, तू जरा आत जाऊन आडवी हो. मी आहे इथे.