पाण्याचा रकाना

लातूरला नळ कोरडे पडले होते ना, त्या उन्हाळ्यात आम्ही दोस्त फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. प्रत्येकाच्या पात्राचा तक्ता मीच आखलेला: ताकद, हत्यार, पाणी. एकदा राक्षसानं आमच्या झोपडीचं छप्पर पेटवलं. पाणी फक्त उदगीरच्या मन्मथच्या पात्राकडं, दोन घागरी.

"अरे, वत की!"

"न्हाई. पिण्याचं हाय ते."

"मन्म्या, जळून मरायलोत सगळे!"

"मरा. पिण्याचं हाय."

चूक माझीच होती, तक्त्यात पाणी सगळं एकच धरलेलं. मी पाण्याच्या रकान्यात मधोमध रेघ मारली: एक घागर पिण्याची, एक वापरायची. मन्मथनं वापरायची लगेच ओतली. आग विझली, आमचा जीव भांड्यात पडला.

तर हा म्हणतो, "छपरातून गळतंय तिथं बकीट लावा रे. झाडाला होईल."