व्हिलन उसना पाहिजे

दाताच्या दवाखान्यात माझा जबडा ठणकत होता. शेजारी एक आई आणि तिचा घोडा झालेला मुलगा. हळू बोलणं दोघांनाही माहीत नाही. गप्प बसा म्हणणारच होतो.

“आई, शनिवारच्या गेमसाठी एखादा व्हिलन दे ना. गोष्ट मी सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होऊन खेळतात. पण मागचे तिन्ही व्हिलन त्यांनी लगेच ओळखले.”

“ढापले कुठून होतेस?”

“सिनेमातून. आता ओळखला तर गोष्ट सांगायचं काम जाड्याकडे जाणार.”

“मग मी वाचतेय त्या रहस्यकथेतली घे. खानावळीची मालकीण. गोड बोलते, पोटभर वाढते, आणि कोण कुठे निघालंय ते लुटारूंना कळवते.”

“मालकीण आहेच की माझ्या गेममध्ये! सगळ्यांची लाडकी. पण काहीतरी खूण ठेवायला हवी, नाहीतर चीटिंग म्हणून बोंबलतील.”

“लोक निघताना ती काय म्हणते?”

“‘या हं’ म्हणते.”

“ज्याचा काटा काढायचाय, त्याला ‘जा हं’ म्हणू दे.”

“बाप रे! हे पुस्तकात आहे?”

“कसलं काय! पुस्तकात ती खोट्या मिशा लावून फिरते. अगदीच टुकार.”

“आई, तू डेंजर आहेस.”

आतून आईला हाक आली. पर्स त्याच्या मांडीवर टाकून ती उठली.

“चल, जाते.”

“ए! येते म्हण, येते!”