बेलव्ह्यूचं जेवण

(चिखलदरा. घाणेरीच्या झुडपांत दगडी जोतं आणि धुराड्याची एक भिंत. अमरावतीहून आलेल्या देवश्रीला जागा दाखवताहेत इथले म्हातारे नत्थुजी.)

देवश्री : म्हणजे बेलव्ह्यू हॉटेल एवढंच उरलं?

नत्थुजी : हॉटेल कुठलं बाई! ते समदं गेलं. कौलं गेले, सागवान गेलं. हे तं मांगचं सयपाकघर. माह्या आजीची सासू मनकर्णाबाई इथं भांडे घासे.

देवश्री : आणि जेवणाचा हॉल?

नत्थुजी : तुमची गाडी उभी हाये ना, तेच ठिकान.

देवश्री : अरे देवा! तिथे माझे पणजोबा जेवले होते. दाजीसाहेब वकील, अठराशे नव्व्याण्णव. गोऱ्या साहेबांच्या टेबलाशी बसलेला अमरावतीचा पहिला माणूस! काकांनी माझ्याकडून त्यांचं चरित्र लिहून घेतलंय. परवा छापायला जाणार.

नत्थुजी : लाल पगडीवाले वकील? बैलाच्या दमनीतून आलते?

देवश्री : तुम्हाला कसं माहीत?

नत्थुजी : आता कसं सांगू... त्याइले पायरीवरूनच वापस लावलं ना बाप्पा. काळ्या मानसाले जागा नाई म्हने. सकाळपासून उपाशी. मनकर्णाबाईनं मांगं बोलावलं अन् आपली भाकर देल्ली. इथंच बसून खाल्ली.

देवश्री : शक्यच नाही. त्यांच्या डायरीत स्पष्ट आहे, 'बेलव्ह्यू येथे भोजन उत्कृष्ट. ज्वारीची भाकर, ठेचा...'

नत्थुजी : मंग?

देवश्री : मला वाटलं, साहेबांनी मुद्दाम त्यांच्यासाठी करवलं असेल. तसं दीड पान लिहिलंय मी.

नत्थुजी : सायब अन् ठेचा!

देवश्री : पण एवढा अपमान झाला, तो त्यांनी कधीच कुणाला सांगितला नाही.

नत्थुजी : त्या अपमानाचं येवढं नाई वाटलं त्याइले. जाता जाता मनकर्णाबाईले हात जोडले. म्हने, 'बाई, तुझ्या हातचं खाल्लं, हे कुनाले सांगू नको.'

देवश्री : आणि मनकर्णाबाईंनी?

नत्थुजी : नाई सांगतलं. पार म्हातारपनी सुनेजवळ बोलली. म्हने, भला मानूस होता, दोनदा ठेचा मांगून घेतला.

देवश्री : पणजोबांनी मात्र तिचं नावसुद्धा लिहिलं नाही कुठे.

नत्थुजी : तिले तरी त्याइचं नाव कुठं ठाव होतं! चाला घरी. सुनेनं भाकरी टाकल्या असतीन. खासान ना?

देवश्री : खाईन की.

नत्थुजी : अन् घरी सांगसान?

देवश्री : आईला आजच. काकांना पुस्तकात वाचूनच कळू दे.