एकदाच घालायचं पाणी

कालिंदी बाळाला न्हाऊ घालताना तिची आई म्हणायची, ‘पाणी हळू सोड गं, लेकराचा जीव दचकतो.’ उचगावच्या बसची वाट बघताना तो आवाज आज तिच्या कानी आला, कारण बाकावर शेजारी बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं पाण्यावरच चाललं होतं. सासूच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं; सुनेच्या गळ्यात क्रूस, मांडीवर बाळ आणि पांढऱ्या झबल्याची पिशवी.

“आत्याबाई, रविवारी बाप्तिस्मा हाय. चर्चला येणार न्हवं?”

“एवढी घाई कशाला? थंडी सरू दे की.”

“आधी पाऊस म्हणालात, मग दिवाळी. मनात नसलं तर सरळ सांगा.”

“तसं न्हाय गं. फादर म्हणालेत, जन्मात एकदाच घेता येतो. व्हय?”

“व्हय.”

“आणि चुकून दोनदा झाला तर? लेकराला बाधतंय काय?”

“तुम्ही आधी एकदा तरी होऊ द्या.”

“पाणी फादरनंच घालावं लागतंय?”

“जिवावर बेतलं तर कुणीबी घालावं. पण तुम्ही हे का विचारताय?”

बस आली. कालिंदी उठली नाही.

“जन्मलं तवा लेकरू काचेच्या पेटीत हुतं, डॉक्टरनं आशा सोडलेली. तू गुंगीत सारखी म्हणत हुतीस, पाणी घाला, आणि ती तीन नावं. मला कुठली ठावं? तुझ्याच तोंडची धरून ठेवली.”

“आत्याबाई...”

“मीच घातलं, स्टेला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. चमच्यानं हळू सोडलं. दचकलंसुद्धा न्हाय ते.”